तळ्याकाठी एक रात्र

मैत्रिणींनो, मुलाबाळांना घेऊन सहलीला निघताना आपण काय काय विचारून घेतो? जेवण शाकाहारी मिळेल ना? गरम पाणी किती वाजेपर्यंत? संडास स्वच्छ आहेत ना? लहान मुलांचे अर्धेच पैसे ना? मीही हे सगळं विचारलं होतं आणि सगळ्याची उत्तरं पटापट, गोड आवाजात मिळाली होती. एक प्रश्न तेवढा राहून गेला. तो कोणता ते पुढे सांगतेच. मला तो सुचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि उत्तर द्यायला तिथे कुणी नव्हतं.

आम्ही राहतो पेणला. पेण म्हटलं की तुम्हाला गणपती आठवणार. खरंच, आमच्या गावात आणि शेजारच्या हमरापूर-जोहे भागात बारा महिने मूर्तींचंच काम चालतं आणि इथले गणपती पार परदेशापर्यंत जातात. पण आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना गणपतींचे कारखाने दाखवून झाले, पोह्याचे पापड बांधून दिले की पुढे काय, हा प्रश्न पडतोच. फार तर विनोबांचं जन्मगाव गागोदं दाखवावं, तेही आमच्याच तालुक्यातलं. या खेपेस जानेवारीत धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं डोंबिवलीहून आली होती. भावोजींनी मोबाइलवर फोटो दाखवले. निळंशार तळं, काठावर पांढरे तंबू, मागे सह्याद्रीची रांग आणि संध्याकाळची शेकोटी. "वहिनी, तुमच्या घरापासून दीड तासावर स्वर्ग आहे आणि तुम्हाला पत्ता नाही!" ते म्हणाले. आपल्याच जिल्ह्यातली जागा डोंबिवलीच्या माणसाने दाखवावी, याची मला जरा लाजच वाटली. ह्यांनी लगेच पैसे पाठवून जागा राखून टाकली.

जागेचं नाव मी सांगत नाही. रोहे तालुक्यात, कोलाडच्या आतल्या बाजूला, एवढंच पुरे. कारण अशा जागा आता एक-दोन नाहीत. जिथे जिथे पाणी आणि डोंगर एकत्र दिसतात तिथे तिथे तंबू उभे राहिले आहेत.

वाटेचं मात्र वर्णन केल्यावाचून राहवत नाही. वडखळ मागे पडलं की मिठागरांचा आणि खाजणाचा खारा वास कमी होत जातो. नागोठणं गेलं, सुकेळी खिंडीचं वळण आलं की डाव्या हाताला डोंगर जवळ येऊ लागतात. भाताची कापणी होऊन गेलेली, शेतांत वालाची हिरवी वेल पसरलेली. कोलाडला महामार्ग सोडून आत वळलं की रस्त्यावर सावली धरणारी झाडं. गाडी नसेल त्यांनी दिव्याहून सुटणाऱ्या रोह्याच्या गाडीने यावं. ती पेणवरूनच जाते आणि रोह्याला उतरलं की कोलाडकडे रिक्षा, एस.टी. मिळते. रोहे गावही पाहण्यासारखं आहे. कुंडलिकेच्या काठचं, धावीर महाराजांचं. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली इथेच जन्मले.

दुपारी तीनला आम्ही तळ्यावर पोचलो. खोटं कशाला बोलू, फोटोत होतं त्याहून सुंदर! वाऱ्याची झुळूक आली की पाण्यावर बारीक चुण्या पडत होत्या, जणू नुकतीच धुतलेली रेशमी साडी कुणी वाळत घातली आहे. काठाला बगळे, तारेवर खंड्या. मुलं गाडीतून उतरली ती ओरडतच पळाली. माझी मनू नऊ वर्षांची, तिचा दादा बारा, जाऊबाईंची मोठी दहा आणि धाकटा सात.

तिथे व्यवस्थेला एक मुलगा होता. असेल एकोणीस-वीस वर्षांचा. तोच पैसे घेणार, तोच तंबू दाखवणार, तोच चहा आणणार. मालक शहरात असतात म्हणाला. त्याच्या मदतीला एक मावशी होत्या, जवळच्या वाडीवरच्या. त्या चुलीवर भाकऱ्या थापत होत्या. एकूण नऊ तंबू, माणसं तीस-बत्तीस तरी. त्या सगळ्यांवर हा एक मुलगा आणि या मावशी.

काठाला पायाने चालवायच्या दोन होड्या सुंभाने खुंटीला बांधलेल्या होत्या. मी विचारलं, "जाकिटं कुठे आहेत?" मुलगा म्हणाला, "खोलीत आहेत काकू, पाहिजे तर काढून देतो. पण काही होत नाही, पाणी गुडघाभरच आहे." मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण चहा आला, भजी आली, जाऊ म्हणाली, "ताई, आज तरी शाळेची बाई होऊ नका!" आणि मी हसून गप्प बसले. मी अर्धा वेळ शाळेत शिकवते ना, त्यावरून घरात माझी अशी थट्टा चालते.

संध्याकाळी पोपटीचा बेत होता. रायगडबाहेरच्या मैत्रिणींना सांगायला हवं, पोपटी म्हणजे आमच्याकडचा हिवाळ्यातला सोहळा. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, खाणाऱ्यांसाठी अंडी नाहीतर मसाला लावलेली कोंबडी. मीठ आणि ओवा भुरभुरायचा, वरून पुन्हा पाला दडपून मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब नाही, पाल्याच्याच वाफेवर सगळं शिजतं. अर्ध्या-पाऊण तासात जो वास सुटतो, त्यापुढे हॉटेलातली पक्वान्नं फिकी. पुरुषमंडळी त्या जाळाभोवती जमली. एकाने मडकं कसं ठेवायचं ते सांगायचं, दुसऱ्याने खोडून काढायचं, असं चाललं होतं. आम्ही दोघी ताटं मांडायला घेतली. मुलांची चार ताटं मांडली आणि हाक मारली.

आली दोघंच.

"मनू कुठे आहे?" "छोटू कुठे?" मोठी दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. सूर्य डोंगराआड... नव्हे, आमच्याकडे डोंगर पूर्वेला, सूर्य पश्चिमेच्या झाडीत गेला होता आणि पाणी काळपट दिसायला लागलं होतं. मी तंबूंत पाहिलं, संडासाकडे पाहिलं, गाडीत पाहिलं. आणि मग जाऊबाई ओरडली. काठावर दोनच्या जागी एकच होडी होती.

दुसरी होडी पन्नास-साठ फूट आत गेली होती. मनू आणि छोटू त्यात उभे होते आणि होडी कलत होती. अंगावर जाकीट नाही. पायट्यांपर्यंत त्यांचे पाय पोचत नव्हते, वारा होडीला आत आत नेत होता. मैत्रिणींनो, त्या क्षणी मला माझा आवाज सापडेना. भावोजींना पोहता येतं. त्यांनी शर्ट काढला आणि ते धावले. तेवढ्यात भाकऱ्यांच्या मावशी मध्ये आडव्या झाल्या. "दादा, तिथनं नको शिरू! मधी जुना वहाळ हाय, गाळ पाय धरतो!" मग त्यांनी पोरांकडे वळून हाक दिली, जराही न घाबरता, शेतातून गुराला हाक घालावी तशी. "पोरांनो, खाली बसा! बसून ऱ्हावा! उठायचं नाय!" पोरं मुकाट्याने बसली. मावशींनी लुगडं खोचलं, चुलीजवळचा लांब बांबू घेतला आणि त्या भलत्याच दिशेने, डावीकडून पाण्यात शिरल्या. आम्ही श्वास रोखून बघतोय. त्या कमरेएवढ्या पाण्यात चालत चालत पार पुढे गेल्या, बांबू होडीला अडकवला आणि होडी ओढत परत आल्या.

नंतर त्यांनी सांगितलं की पाण्याखाली जिथून त्या गेल्या तो शेताचा बांध होता. "आमचंच शेत व्हतं हितं. बांध ठाव हाय मला." बांधाच्या अलीकडे गुडघाभर पाणी, पलीकडे वहाळाचं पात्र, तिथे दोन पुरुष खोल. वरून पाहिलं तर सगळं सारखंच निळंशार.

ही गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती आणि म्हणून ती तुम्हाला मुद्दाम सांगते. आपल्याकडची मोठी तळी ही बहुतेक धरणं-बंधारे घालून अडवलेलं पाणी आहे. आमच्या पेण तालुक्यातलं हेटवणं तसंच. त्या पाण्याखाली शेतं आहेत, बांध आहेत, ओढे आहेत, कुठे विहिरी आहेत. म्हणून काठाशी उथळ दिसणारं पाणी दोन पावलांवर एकदम खोल होतं. आपल्या लहानपणीचं गावतळं निराळं होतं. त्याला घाट होता, पायऱ्या होत्या आणि मुख्य म्हणजे तिथे दिवसभर कुणी ना कुणी धुणं धूत असे. पोर पाण्याकडे वळलं की दहा बायका ओरडत. तिथे पाटी नव्हती, पहारेकरी नव्हता, पण नजर होती. आजच्या या सुंदर तळ्यांना घाट नाही आणि नजरही नाही.

आणखी एक. बुडणारं मूल सिनेमात ओरडतं तसं ओरडत नाही. श्वास घ्यायचीच मारामार असते, ओरडायचं कुठून? ते मुकाट्याने, मिनिटाभरात खाली जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यातली जवळजवळ चौथाई पाच वर्षांखालची मुलं होती. तेव्हा "हाक आली तर धावू" हा भरवसा खरा नाही.

त्या रात्री पोपटी कशी झाली होती, मला आठवत नाही. मनू माझ्या कुशीला चिकटून बसली होती. तिला ओरडावं का जवळ घ्यावं ते समजेना. खरं तर ओरडून घ्यायला हवं होतं ते मलाच. शाळेची सहल नेतो तेव्हा आम्ही दर तासाला डोकी मोजतो. बसमध्ये चढताना, उतरताना, जेवणाआधी, जेवणानंतर. साठ मुलं सांभाळून आणते मी. आणि घरची चार मुलं असताना एकदाही मोजली नाहीत. चार मोठी माणसं होतो ना आम्ही! प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघतोय. लग्नघरात दूध असंच उतू जातं. गॅसभोवती पाच बायका असतात, पण दुधावर कुणीच नसतं.

मावशी आठला वाडीवर गेल्या. दहाच्या सुमारास तो मुलगा आला आणि म्हणाला, "काकू, मी निघतो, सकाळी सातला चहा घेऊन येतो." मी विचारलं, "म्हणजे तू इथे झोपत नाहीस?" "नाही काकू, आई वाट बघते." मोटारसायकलला टाच मारून तो गेला. मला त्याचा राग आला नाही. कोवळं पोर ते. सकाळपासून एकट्याने राबलं होतं. राग कुणाचा यायला हवा होता, तो माणूस शहरात आपल्या घरी झोपला होता.

आणि मग रात्र सुरू झाली. पलीकडच्या तीन तंबूंत दहा-बारा तरुण होते. त्यांची गाणी आधीपासून चालूच होती, आता बाटल्याही निघाल्या. अकराला जनरेटर बंद पडला. काळोख म्हणजे काय, ते शहरगावात राहून आपण विसरलो आहोत. संडास शंभर पावलांवर, वाटेत एक दिवा नाही. त्या तरुणांपैकी दोघं अडखळत पाण्याकडे चाललेले आकाशाच्या उजेडात दिसले. ह्यांनी मालकांना फोन लावला, तो बंद. तेव्हा मला तो राहिलेला प्रश्न सुचला. रात्री इथे कोण असतं?

उत्तर साधं होतं. कुणी नाही.

शेजारच्या तंबूतून एक बाई टॉर्च घेऊन बाहेर आल्या. पुण्याच्या, पन्नाशीच्या पुढच्या, नातवंडांना घेऊन आलेल्या. पलीकडून ठाण्याची एक तरुण मुलगी आली, तिच्या कडेवर दीड वर्षाचं बाळ. कुणाची कुणाशी ओळख नाही. पण तिघीचौघी चुलीच्या निखाऱ्यांभोवती बसलो आणि पाच मिनिटांत घरच्यासारखं ठरवून टाकलं. माझ्याकडे ओले कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. ती तंबू आणि पाणी यांच्या मधल्या झाडांना कमरेएवढ्या उंचीवर बांधली आणि अंधारात दिसावी म्हणून तिच्यावर मुलांचे पांढरे पंचे टाकले. खोलीला कुलूप होतं म्हणून जाकिटं मिळाली नाहीत. होड्या मात्र काठावर ओढून उलट्या करून ठेवल्या. दोन गाड्यांची तोंडं पाण्याकडे वळवली, म्हणजे वेळ आली तर दिवे लावता येतील. पुण्याच्या बाई सरळ त्या तरुणांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "बाळांनो, तुमच्या आया आमच्याच वयाच्या असतील. मजा करा, पण पाण्याजवळ जाऊ नका. आम्हाला कुणाला पोहता येत नाही, तुम्हाला काढणार कोण?" गाणी जरा हळू झाली. पाण्याकडे गेलेले दोघे परत आले. रागावून सांगितलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे!

मग आम्ही पाळ्या लावल्या. दोन-दोन तास, दोन-दोन माणसं, पुरुषांसकट. संडासाला कुणी निघालं की टॉर्च घेऊन सोबत जायचं. दोनच्या सुमारास ठाण्याच्या मुलीबरोबर जाताना टॉर्चच्या झोतात वाटेवर तांबूस विंचू दिसला, नांगी उभारलेला. त्या वाटेने संध्याकाळी मुलं अनवाणी धावत होती. कोकणातला हा लाल विंचू साधा नव्हे. त्याच्या विषाने एके काळी लहान मुलं पटापट दगावत. आमच्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी वर्षानुवर्षं अशा रुग्णांवर काम केलं आणि प्राझोसिन नावाच्या औषधाने हे मृत्यू टाळता येतात, ते जगाला दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध वेळेत मिळायला रुग्ण दवाखान्यात वेळेत पोचावा लागतो. आणि आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं की जवळचं सरकारी रुग्णालय कुठल्या दिशेला आहे.

पहाटे मात्र देवाने जणू भरपाई केली. माझी पाळी चार ते सहा होती. आधी पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा, मग डोंगराची कड हळूहळू उजळत गेली, मग एक बगळा धुक्यातून असा निघाला की वाटलं, कुणी पांढरा रुमाल सोडला. इतकी शांतता की माशाची उडी ऐकू यावी. मी मनात म्हटलं, या जागेचा काय दोष? जागा देखणीच आहे. तिला कुणी राखणारं नाही, एवढंच.

परतताना पुरुषमंडळी म्हणाली, इतके आलोच आहोत तर कुंडलिकेवरचं राफ्टिंग बघून जाऊ. मला आता पाण्याचं नाव नको होतं. पण गेलो आणि बरं झालं गेलो.

कुंडलिकेची गंमत तुम्हाला माहीत आहे का? पावसाळा सरला की कोकणातल्या नद्यांचे ओढे होतात, पण ही नदी जानेवारीतही सकाळी फुगते. घाटावर, पुणे जिल्ह्यात, मुळशीला धरण आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह केला आणि ज्यापायी सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला, तेच हे धरण. त्याचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली, कोकणात भिऱ्याला सोडून १९२७ पासून वीज तयार होते. ते वापरलेलं पाणी कुंडलिकेत येतं. सकाळी पाणी सुटलं की बघता बघता दगड बुडतात, नदी खळाळू लागते आणि रबरी तराफे निघतात. जी माणसं हे न कळता कोरड्या पात्रात भांडी घासायला, पोरं डुंबवायला उतरतात त्यांची धांदल उडते. तेव्हा धरणाखालच्या नदीत, पाणी कितीही कमी दिसो, गावकऱ्यांना विचारल्यावाचून पाय घालू नये.

आम्ही काठावर उभे राहून बघत होतो. एकेका माणसाला जाकीट घातलं, पट्टे ओढून पाहिले, डोक्यावर टोपी चढवली. मग मार्गदर्शकाने दहा मिनिटं समजावून सांगितलं. पडलात तर पाय पुढे करून उताणे व्हा, दोरी कशी धरा, शिट्टीचा अर्थ काय. लहान मुलांना घेतच नव्हते. भावोजींचा मोठा पुतण्या, म्हणजे माझा मुलगा, हट्ट करून बसला, तर त्यांनी सरळ "वय बसत नाही" म्हणून नाकारलं. मागे एक माणूस सुटी होडी घेऊन राहतो, कुणी पडलंच तर उचलायला.

मैत्रिणींनो, मी तिथे उभी राहून विचार करत होते. हे फेसाळणारं, दगडांवर आपटणारं पाणी. ते पाहून आईच्या पोटात गोळा येतो, म्हणून तिथे जाकीट आहे, शिट्टी आहे, जबाबदार माणूस आहे. आणि कालचं ते आरशासारखं तळं. ते पाहून आपलं मन निर्धास्त झालं, म्हणून तिथे काहीच नव्हतं आणि आम्ही ते मागितलंही नाही. पाण्याचा धोका त्याच्या आवाजावरून ठरवायचा नसतो. त्यावर नजर ठेवायला कोण आहे, त्यावरून ठरवायचा असतो.

घरी आल्यावर मी मालकांना सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं ते एवढंच. "निम्मे पैसे परत करतो, तुमचा अभिप्राय तेवढा चांगला लिहा." मी पैसे घेतले नाहीत, अभिप्राय खरा लिहिला. मग चौकशी केली तेव्हा कळलं की नियम मुळीच नाहीत, असं नाही. साहसी पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाचं २०२१चं धोरण आहे. त्याप्रमाणे असले खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. शेतावर पाहुणे ठेवणाऱ्यांसाठी २०२०चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्याचंही नोंदणी प्रमाणपत्र मिळतं. पण कागद मागणारं कुणी असलं तरच कागदाला किंमत. भाजीवाल्याकडे आपण दहा रुपयांसाठी वजन तपासून घेतो, मग पोरं जिथे झोपवायची तिथे नोंदणीचा कागद मागायला लाज कसली?

म्हणून माझं ऐका, तळ्याकाठी जरूर जा. पण पैसे पाठवण्याआधी चार गोष्टी विचारा. रात्री जागेवर कोण असतं, त्याचं नाव काय आणि फोन नंबर काय? होडीची जाकिटं मुलांच्या मापाची आहेत का आणि खोलीला रात्री कुलूप असतं का? संडासाच्या वाटेवर रातभर दिवा असतो का? जवळचं सरकारी रुग्णालय किती अंतरावर आहे आणि तिथवर नेणारी गाडी रात्री मिळते का? उत्तर देताना पलीकडचा माणूस अडखळला तर दुसरी जागा बघा.

बरोबर घ्यायच्या सामानात चांगला टॉर्च, जास्तीचे सेल, शिट्टी आणि वीस हात दोरी हवीच. मुलांच्या चपला रात्री तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकूनच घालायला द्या. मण्यार जमिनीवर झोपलेल्याला रात्रीच डसते आणि दंश कळतसुद्धा नाही, तेव्हा खाट असेल तर उत्तम, नसेल तर तंबूची चेन पूर्ण लावा. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत कधीही नेऊ नका. कोंडलेल्या जागेत तिचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेलं माणूस झोपूनच राहतं. विंचू-साप चावला तर मांत्रिक नको, कापणं-बांधणं नको, १०८ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. इतर संकटात ११२. आणि डोकी मोजा. एका वेळी एकाच मोठ्या माणसाने, नाव घेऊन, "आता मुलं माझ्याकडे" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून.

निघताना मी मावशींना भेटले. त्यांच्या हातात पैसे ठेवले तर घेईनात. शेवटी माझ्या आग्रहाखातर साडी तेवढी घेतली. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला या तळ्याचा कोपरा न् कोपरा ठाऊक आहे. रात्री तुम्हालाच का ठेवत नाहीत इथे? तुमच्या घरचं कुणी राहिलं तरी चालेल."

त्या हसल्या. परातीतलं पीठ झाडत म्हणाल्या, "रातचं कोन ठेवतंय बाय? आमाला भाकऱ्यांपुरतं बोलावतात."

मार्चमध्ये ओळखीचं एक कुटुंब तिकडे जाऊन आलं. काठाला दोरी बांधली आहे आणि "पाणी खोल आहे" अशी पाटी लागली आहे, असं ते सांगत होते. मी विचारलं, "आणि रात्री कोण असतं?"

"ते काही विचारलं नाही हो," ती म्हणाली.